ट्रेनिंग देऊन मोकळं होऊ नका, वर्षभर सोबत राहा

छोट्या धंदेवाल्यांना मदत करायची म्हटलं की सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते ट्रेनिंग. दोन-तीन दिवसांचं वर्कशॉप, एक हॉल, प्रोजेक्टर, मार्केटिंगवर एक सेशन, अकाउंटिंगवर एक सेशन, कुठल्यातरी मोठ्या कंपनीतून आलेले पाहुणे, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. सरकार असो, एनजीओ असो, कंपन्यांचा सीएसआर म्हणजे समाजकार्याचा निधी असो नाहीतर आंतरराष्ट्रीय संस्था, साचा सगळीकडे साधारण हाच, आणि रिपोर्टमध्ये आकडा जातो तो किती लोकांना ट्रेनिंग दिलं याचा. त्यातल्या किती जणांचा धंदा वर्षभराने वाढला, शिकवलेल्यातली एक तरी गोष्ट अजून किती जण करतायत, किती जण मधूनच यायचे बंद झाले आणि का झाले, हे विचारायला परत कोणी जात नाही. मला हे बदलायला हवं असं मनापासून वाटतं. जास्त पैसा आणि मेहनत ट्रेनिंगनंतरच्या वर्षावर लागली पाहिजे, आणि त्यासाठी लाभार्थ्यांचा आकडा लहान करावा लागला तर तो करावा. हजार लोकांना दोन दिवस हॉलमध्ये बसवण्यापेक्षा शंभर लोकांच्या धंद्यावर वर्षभर जाऊन येणं जास्त कामाचं आहे.

आधी हा माणूस अडतो कुठे ते बघू, कारण योजना आखणारे बहुतेक वेळा असं धरून चालतात की याला काही माहिती नाही, माहिती दिली की झालं. असं नसतं. छोटा धंदा चालवणारी व्यक्ती एकटीच खरेदी करते, एकटीच काम करते, विकते, वसुली करते, बिघडलेलं मशीन दुरुस्त करून आणते आणि रात्री गल्ला मोजते. आपला कस्टमर कोण, तो कधी येतो, कोण पैसे लवकर देतो आणि कोण तीन महिने फिरवतो हे तिला तोंडपाठ असतं. अडतं ते दुसरीकडे. भाव ठरवताना ती स्वतःची मजुरीच धरत नाही, त्यामुळे काम भरपूर असतं आणि हातात काही उरत नाही. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकाच खिशात असतो, त्यामुळे नफा झाला की तोटा हे तिला स्वतःलाच नक्की सांगता येत नाही. माल स्वस्त मिळाला म्हणून जास्त उचलला जातो आणि मग खेळतं भांडवल त्या मालात अडकून बसतं. सप्लायर वर्षानुवर्षं एकच असतो, दुसरीकडे भाव विचारायला जायला वेळ नसतो, आणि त्यानेच उधारीवर माल दिलेला असतो म्हणून तोडताही येत नाही. आणि काम एकटीच्या हाताबाहेर जायला लागलं की माणूस ठेवायची भीती वाटते, कारण आलेल्या माणसाने काम बिघडवलं तर जाणारा कस्टमर तिचा असतो, पगार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो.

यातली एकही गोष्ट अशी नाही की जी तिने कधी ऐकलेलीच नाही. उधारी कमी करा, हिशोब ठेवा, घरचा पैसा वेगळा ठेवा, हे सल्ले तिने नातेवाइकांकडून, बँकेच्या माणसाकडून, मोबाइलवरच्या व्हिडिओतून शंभर वेळा ऐकलेले असतात. पण ज्या कस्टमरकडे सगळ्यात जास्त उधारी थकलीय तोच जर सगळ्यात मोठा आणि जुना कस्टमर असेल, आणि शेजारचा धंदेवाला त्याला उधारीवर द्यायला तयारच बसला असेल, तर त्याच्याशी बोलायचं काय, किती दिवसांची मुदत द्यायची, कुठे थांबायचं, हे स्लाइडवर लिहिलेलं नसतं. ते तिच्या वहीत बघून, तिच्या चार कस्टमरची नावं घेऊन, तिच्याबरोबर बसून ठरवावं लागतं. मग ती ते करून बघते, ते फसतं, पुन्हा बसावं लागतं. आणि अजून एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते: पन्नास लोकांसमोर हॉलमध्ये कोणी असं म्हणत नाही की माझ्यावर कर्ज आहे आणि मी मागचे दोन हप्ते उसने घेऊन भरलेत. हे बोलणं एकट्यात होतं, तेही तिसऱ्या-चौथ्या भेटीत, समोरच्यावर विश्वास बसल्यावर. म्हणजे खरा प्रॉब्लेम ज्या दिवशी बाहेर येतो तोपर्यंत आपलं ट्रेनिंग संपून सर्टिफिकेट वाटून झालेलं असतं.

आता अभ्यास काय सांगतात ते बघू. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफर वुड्रफ यांनी २०१४ मध्ये विकसनशील देशांतल्या बिझनेस ट्रेनिंगच्या वीसेक चाचण्या एकत्र तपासल्या. ट्रेनिंगनंतर लोक हिशोब वगैरे थोडा बरा ठेवायला लागतात, पण विक्री आणि नफ्यावर ठाम परिणाम फार कमी ठिकाणी दिसला. त्यानंतर बऱ्याच लोकांनी ट्रेनिंगचा काही उपयोगच नाही असं बोलायला सुरुवात केली, आणि मला ते घाईचं वाटतं. स्वतः मॅकेन्झींनी २०२१ मध्ये जास्त अभ्यास एकत्र करून पुन्हा हिशोब मांडला तेव्हा सरासरीने विक्रीत ४.७ टक्के आणि नफ्यात १०.१ टक्के वाढ निघाली. आधी ती का दिसली नव्हती याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे, छोट्या धंद्याचा नफा महिन्यागणिक इतका खाली-वर होतो, आणि तोही बहुतेक वेळा मालकाने आठवून सांगितलेला असतो, की काहीशे लोकांच्या एका चाचणीत पाच-दहा टक्क्यांचा फरक त्या गोंधळात हरवून जातो. म्हणजे ट्रेनिंग वाया जातं असं नाही. थोडा फरक पडतो. फक्त ज्या धंद्यात मुळात फार थोडं उरतं तिथे त्याच्यावर दहा टक्के वाढले म्हणजे माणसाचं आयुष्य बदललं, असं जे आपण पोस्टरवर छापतो ते खरं नाही.

आणि सरासरीत एक गोष्ट दडलेली असते, की काही ट्रेनिंग खूप चालतात आणि काही अजिबात नाही. फरक कशाने पडतो हे शोधायला हवं.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एका मायक्रोफायनान्स, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या, संस्थेच्या कर्जदारांवर केलेली चाचणी मला यात सगळ्यात बोलकी वाटते. तिचा निकाल २०१४ मध्ये छापून आला. एका गटाला नेहमीचं अकाउंटिंग शिकवलं, जमा-खर्च, नफा काढणं, येणं-देणं, सगळं रीतसर. दुसऱ्या गटाला फक्त साधे नियम दिले. उदाहरणार्थ घरचे पैसे एका खणात आणि धंद्याचे दुसऱ्या खणात ठेवायचे, आणि एकातून दुसऱ्यात पैसे न्यायचे असतील तर चिठ्ठी लिहून ठेवायची. ज्यांना पूर्ण अकाउंटिंग शिकवलं त्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ज्यांना साधे नियम दिले त्यांच्या हिशोबाच्या सवयी सुधारल्या, आणि जे मुळात हिशोबात कच्चे होते त्यांना जास्त फायदा झाला. हे वाचल्यावर मला वाटतं की आपल्या कितीतरी ट्रेनिंगचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्याच्या सोयीने बनतो, त्याला कॉलेजमध्ये ज्या क्रमाने शिकवलं त्याच क्रमाने तो पुढे शिकवतो, आणि दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाला संध्याकाळी ताळेबंद समजून घ्यायला लावतो. त्याला दोन खण द्या. पुढच्या महिन्यात जाऊन बघा की दोन्ही खण वेगळे आहेत का. नसतील तर का नाहीत ते विचारा, मुलाची फी भरायची होती म्हणून काढले असं उत्तर आलं तर मग महिन्याला स्वतःचा पगार किती घ्यायचा हे ठरवायला बसा. असं पुढे जायचं.

टोगोमधला अभ्यास याच्याही पुढे जातो. १५०० छोटे धंदेवाले, तीन गट. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला नेहमीचं बिझनेस ट्रेनिंग, तिसऱ्याला मानसशास्त्रावर आधारलेलं ट्रेनिंग, म्हणजे स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा, इतरांपेक्षा वेगळं काय करता येईल, अडचण येणारच असं धरून आधीच तयारी कशी करायची, एकदा फसलं तरी परत कसं लागायचं. पुढच्या दोनेक वर्षांत या तिसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या ट्रेनिंगवाल्यांचा ११ टक्के दिसला, पण तो इतका डळमळीत होता की संशोधकांना खात्रीने वाढ झाली असं म्हणता येईना. २०१७ मध्ये हे छापून आलं तेव्हा याची बरीच चर्चा झाली आणि बहुतेकांनी त्यातून घेतलं ते एवढंच की अकाउंटिंगपेक्षा माइंडसेट महत्त्वाचा. मग माइंडसेटच्या नावाखाली स्टेजवरून भाषणं देणारे लोक वाढले. पण त्या कार्यक्रमाची रचना नीट बघितली तर वर्ग चार आठवडे चालले होते, आणि त्यानंतर चार महिने ट्रेनर दर महिन्याला प्रत्येकाच्या धंद्यावर जाऊन बसत होता. या भेटी दोन्ही गटांना होत्या, त्यामुळे दोघांतला फरक भेटींमुळे पडला असं मी म्हणणार नाही, तो शिकवण्यातल्या फरकामुळेच पडला. पण भेटी काढून टाकून फक्त भाषण ठेवलं तरी ३० टक्के येतील असं समजायलाही काही आधार नाही.

मेंटॉरिंगबद्दल, म्हणजे अनुभवी माणसाने सोबत राहून सल्ला देण्याबद्दल, सगळ्यात जास्त सांगितला जातो तो केनियातला प्रयोग, नैरोबीमधल्या डांडोरा या वस्तीतला. तिथल्या छोट्या धंदेवाल्या बायकांपैकी काहींना वर्गातलं ट्रेनिंग दिलं आणि काहींची गाठ त्याच भागात यशस्वी धंदा करणाऱ्या अनुभवी बाईशी घालून दिली. वर्गात शिकलेल्यांच्या नफ्यावर परिणाम दिसला नाही. मेंटॉर मिळालेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. आणि कशामुळे वाढला हे बघितलं तर फार मोठं बिझनेसचं ज्ञान त्यात नव्हतं, मुख्य फायदा झाला तो माल स्वस्त कुठे मिळतो, कुठला सप्लायर बरा, हे कळल्यामुळे. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नसतं, बाहेरून आलेल्या ट्रेनरकडे तर नसतंच, ते फक्त तिथे धंदा करणाऱ्याकडे असतं. पण यातला दुसरा अर्धा भाग लोक सांगत नाहीत: जसजशा भेटी बंद होत गेल्या तसतसा फायदाही विरत गेला. काही जण याचा अर्थ असा काढतात की बघा, मेंटॉरिंगही टिकत नाही. मी याचा अर्थ वेगळा घेतो. बाजार बदलत राहतो, आज स्वस्त असलेला सप्लायर सहा महिन्यांनी स्वस्त राहत नाही, त्यामुळे माहितीचा हा झरा चालूच राहायला हवा. ज्या गोष्टीचा फायदा चालू असेपर्यंत होतो ती गोष्ट चालू ठेवायची असते, आपण तिला सहा आठवड्यांचा कार्यक्रम म्हणून का डिझाइन करतो?

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही मांडायला हवा, नाहीतर हे वकिली होईल. घानामध्ये शिंप्यांवर केलेल्या एका प्रयोगात एका मोठ्या आंतरराष्ट्रीय फर्मच्या सल्लागारांनी त्यांच्याकडे वारंवार जाऊन सल्ला दिला. वर्ग नव्हता, हॉल नव्हता, अगदी त्यांच्या मशीनजवळ बसून. शिंप्यांनी हिशोब वगैरे सुरू केला, काही काळ चालवला आणि नंतर सोडून दिला, नफा काही वाढला नाही. म्हणजे नुसतं जाऊन बसणं पुरेसं नाही, जाऊन बसणारा कोण आहे हे फार महत्त्वाचं आहे. मोठ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या माणसाला एकट्या शिंप्याच्या धंद्यात हिशोबाची वही ही पहिली गरज वाटू शकते, शिंप्याला मात्र त्या वहीत रोज जाणाऱ्या वेळात एक शिलाई जास्त होते. आणि त्याचं तसं वागणं अडाणीपणाचं नाही, त्याने करून बघितलं, फायदा दिसला नाही, सोडलं. मला वाटतं अशा वेळी लोक ऐकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपला सल्ला तपासावा.

याउलट थोड्या मोठ्या धंद्यांत, म्हणजे जिथे कामगार आहेत, मालक सगळं एकटा बघू शकत नाही, तिथे बाहेरच्या सल्लागाराचा उपयोग चांगला दिसतो. मेक्सिकोत ४३२ छोट्या-मध्यम धंद्यांपैकी काहींना वर्षभर, आठवड्याला चार तास, सवलतीत सल्लागार दिला, तर त्यांची उत्पादकता सुधारली आणि पाच वर्षांनंतरही त्यांच्याकडे तुलनेने जास्त माणसं कामाला होती. भारतातल्या कापड कारखान्यांवरचा २०१३ चा अभ्यास तर मला या सगळ्या वादाचं उत्तर देणारा वाटतो, जरी ते कारखाने छोटे म्हणावेत असे नव्हते तरी. तिथे सल्लागारांनी सगळ्याच कारखान्यांचं महिनाभर निदान केलं, काय चुकतंय आणि काय करायला हवं ते सगळ्यांना सांगितलं. पण त्यातल्या काहींकडेच ते पुढचे चार महिने राहून बदल अमलात आणायला मदत करत होते. ज्यांच्याकडे राहिले त्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली, आणि नुसतं निदान मिळालेले त्यांच्या बरेच मागे राहिले. सांगणं दोघांनाही झालं होतं. मालकांनी आधी हे बदल का केले नव्हते याचं कारण विचारलं तर बऱ्याच ठिकाणी उत्तर होतं की याने काही फरक पडेल असं वाटलंच नव्हतं. स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या मालावर फरक दिसल्याशिवाय ते वाटणारही नव्हतं, आणि तो दिसायला कोणीतरी सोबत थांबावं लागतं. बऱ्याच वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडलेल्या होत्या, तरीही त्या कारखान्यांची आघाडी टिकून होती.

मग सगळ्यांना सल्लागार कुठून आणायचे, हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. चांगला मेंटॉर महाग असतो आणि कमी असतो. इथे मला चीनमधला प्रयोग आठवतो. नानचांग शहरात २८०० च्या आसपास तरुण कंपन्या घेतल्या, त्यातल्या काहींच्या मालक-मॅनेजरांचे दहा-दहा जणांचे गट केले आणि वर्षभर दर महिन्याला एकमेकांच्या धंद्यावर जाऊन भेटायला लावलं. शिक्षक नाही, अभ्यासक्रम नाही. भेटणाऱ्यांची विक्री न भेटणाऱ्यांपेक्षा ८.१ टक्क्यांनी जास्त वाढली, आणि ज्यांच्या गटात मोठे धंदेवाले होते त्यांना फायदा जास्त झाला. हे स्वस्त आहे, हे कुठेही करता येतं. फक्त एक काळजी घ्यावी लागते जी आपल्याकडे घेतली जात नाही: याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या माहितीत सगळ्यांचा फायदा होता ती गटात पसरली, पण जिथे एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा होता तिथे एकमेकांशी स्पर्धा करणारे गप्प बसले. एकाच रस्त्यावरच्या दोन सलूनवाल्यांना एका गटात टाकून खरा भाव आणि खरा सप्लायर सांगा म्हणणं व्यर्थ आहे. धंदा सारखा पण इलाका वेगळा, किंवा इलाका एक पण धंदा वेगळा, असे गट करायला डोकं लावावं लागतं, अर्ज आले त्या क्रमाने गट पाडून चालत नाही.

दुसरं म्हणजे सगळ्यांना सगळं शिकवायचा हट्ट सोडायला हवा. नायजेरियात एका चाचणीत काही मालकांना ट्रेनिंग दिलं, काहींना सल्लागार, आणि काहींना सरळ अकाउंट्स किंवा मार्केटिंगचं काम करणारा माणूस मिळवून दिला, एकतर नोकरीवर नाहीतर बाहेरून काम करून देणारा. माणूस मिळवून देणं ट्रेनिंगपेक्षा चांगलं ठरलं, आणि सल्लागाराइतकाच परिणाम निम्म्या खर्चात मिळाला. मोठ्या कंपनीचा मालक स्वतः जमा-खर्च लिहीत नाही, मग पाच माणसांचा धंदा चालवणाऱ्याने तो शिकलाच पाहिजे असा आग्रह आपण का धरतो? चार-पाच धंद्यांनी मिळून एक हिशोबनीस ठेवायला त्यांना पहिलं वर्ष पैशाची मदत दिली तर ते दहा वर्कशॉपपेक्षा जास्त होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

बायकांच्या बाबतीत वेगळं बोलायला हवं कारण ट्रेनिंगची वेळ, जागा, भाषा सगळं बहुतेक वेळा पुरुष डोळ्यांसमोर ठेवूनच ठरतं. घरचं काम, मुलं, आजारी माणूस, आणि त्यात धंदा, अशा बाईला सकाळी दहा ते संध्याकाळी पाच असं तीन दिवस बोलावणं म्हणजे तिने येऊच नये असं सांगण्यासारखं आहे. ती आलीच तरी घरी गेल्यावर निर्णय तिच्या एकटीचा नसतो. अहमदाबादमध्ये एका महिला बँकेच्या सभासदांना दोन दिवसांचं ट्रेनिंग देताना काहींना एकटं बोलावलं आणि काहींना मैत्रिणीला घेऊन या म्हटलं. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी धंद्यासाठी कर्ज घेण्याचं प्रमाण जास्त होतं आणि काही महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं होतं, आणि ज्यांच्या समाजात बायकांवर बंधनं जास्त त्यांच्यात हा फरक ठळक होता. एकटीने आलेल्यांच्या बाबतीत असं काही दिसलं नाही. ट्रेनिंग तेच, ट्रेनर तेच. मला यातून कळतं ते असं की घरी जाऊन आपण जे ठरवलंय त्यावर टिकून राहायला जवळ कोणीतरी आपलं माणूस लागतं, आणि ते बघणं हेही कार्यक्रम आखणाऱ्याचंच काम आहे.

हल्ली सगळ्याला एक उत्तर मिळालंय, मेंटॉर परवडत नाही ना मग एआय द्या, मोबाइलवर चोवीस तास सल्ला. तेही केनियात करून बघितलंय, काहीशे छोट्या धंदेवाल्यांना व्हॉट्सअॅपवर एआय सल्लागार देऊन. सरासरीने काहीच परिणाम नाही. पण आत बघितलं तर ज्यांचा धंदा आधीच चांगला चालला होता त्यांचा सुधारला आणि ज्यांचा आधीच अडचणीत होता त्यांचा आणखी घसरला. अडचणीत असलेल्याचे प्रश्नच जास्त अवघड असतात, आणि मिळालेल्या सल्ल्यातला कुठला आपल्याला लागू पडतो हे ओळखायलाही अनुभव लागतो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याच हातात आपण हे एकटं देऊन मोकळे झालो तर त्याचं नुकसान होऊ शकतं. माहिती शोधायला, कोटेशन लिहायला, मेसेज तयार करायला ते जरूर वापरा, पण माणसाची जागा त्याने भरून निघेल असं गृहीत धरून बजेट कापू नका.

मेंटॉर कोण असावा यावर मात्र माझं मत पक्कं आहे. अमेरिकेत १९६४ पासून स्कोअर नावाची संस्था निवृत्त आणि अनुभवी लोकांना स्वयंसेवक म्हणून छोट्या धंदेवाल्यांना सल्ला द्यायला जोडून देते, आणि इतकी वर्षं हे चाललंय म्हणजे लोकांना द्यायची इच्छा असते हे दिसतं. पण फक्त इच्छा पुरत नाही. ज्याने कधी स्वतःच्या खिशातून पगार दिलेला नाही, ज्याने कधी महिनाअखेरीस उसनवारी केलेली नाही, त्याच्याकडे कितीही मोठं पद असलं तरी तो पहिल्या भेटीतच भाषण सुरू करतो. पहिल्या दोन भेटींत मेंटॉरने सल्ला देऊच नये, फक्त बसावं, बघावं, विचारावं. त्याने ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. त्याचा कुठल्या बँकेशी, कर्जाशी, सॉफ्टवेअर विकण्याशी संबंध नसावा, कारण कधीकधी सगळ्यात मोलाचा सल्ला हा असतो की आत्ता कर्ज घेऊ नकोस, आत्ता दुसरी शाखा काढू नकोस, आणि ज्याचं कमिशन त्या कर्जात आहे तो हे कधीच सांगणार नाही. आणि त्याच्या वेळेचे आणि जाण्यायेण्याचे पैसे द्यावेत. जो स्वतः धंदा करतो त्यालाच आपण मेंटॉर म्हणून बोलावतोय ना, मग त्याचा बुडालेला दिवस फुकट का धरायचा? शिवाय त्यालाही शिकवावं लागतं, स्वतःला धंदा जमणं आणि दुसऱ्याला त्याच्या पद्धतीने पुढे जाऊ देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

यावर आक्षेप येतो तो आकड्यांचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा धंदा सुरू करायला आणि सुधारायला शिकवणारा कार्यक्रम शंभरच्या आसपास देशांत पोचलाय आणि दीड कोटीहून जास्त लोकांनी तो घेतलाय, एवढं तुमच्या वर्षभर सोबत राहण्याने कधी होणार? खरं आहे, होणार नाही. म्हणून मी वर्ग बंद करा म्हणत नाहीये. साधे नियम, छोटे वर्ग, संध्याकाळच्या वेळी, हे सगळ्यांसाठी ठेवा, दरवाजा उघडा ठेवा. त्यातून ज्यांना वाढायचंय आणि जे दोन महिन्यांत काहीतरी करून दाखवतात त्यांच्यासाठी गट, आणि त्यातल्या ज्यांच्याकडे कामाला माणसं आहेत किंवा ठेवायची वेळ आलीय त्यांच्यासाठी वर्षभराचा मेंटॉर. कारण सगळ्यांना वाढायचं नसतंच. दुसरी नोकरी मिळाली असती तर धंदा केला नसता असे कितीतरी लोक असतात, त्यांना स्थिर उत्पन्न हवं असतं, त्यांच्यावर विस्ताराचं ओझं लादणं हा अन्याय आहे.

आणि हे सगळं होईल तेव्हाच जेव्हा पैसे देणारा वेगळा हिशोब मागेल. ट्रेनिंग देणाऱ्या संस्था वाईट नसतात, त्यातले कितीतरी लोक जीव ओतून काम करतात, पण त्यांना बिल मिळतं ते डोकी मोजून, मग ते डोकीच जमवणार. तेव्हा करारातच लिहा की निम्मी रक्कम ट्रेनिंग संपल्यावर आणि उरलेली बारा महिन्यांनी, त्या धंद्यांवर प्रत्यक्ष जाऊन बघितल्यावर. बघायला जाणारा त्या संस्थेचा नको. त्याने जाऊन विचारायचं की धंदेवाला दर महिन्याला घरी ठरलेली रक्कम नेतो का, थकलेली उधारी वर्षापूर्वीपेक्षा कमी झाली का, सप्लायर किती आहेत, माणूस ठेवला का, ठेवून काढावा लागला का, मेंटॉर शेवटचा कधी आला होता. धंदा बंद पडला असेल तर तोही मोजायचा, यादीतून नाव काढून टाकायचं नाही, आणि जे पहिल्याच आठवड्यात यायचे थांबले त्यांच्याकडेही जायचं, कारण कार्यक्रमात काय चुकलं हे सगळ्यात नीट त्यांनाच माहीत असतं.